आखाजीनंतरचे आठ दिवस

पत्राचा सारांश : पत्रलेखक चोपडा परिसरातील असून त्यांचे वय ५३ आहे. ते एका पतसंस्थेत नोकरी करतात आणि धाकट्या भावासोबत केळीची शेती पाहतात. त्यांच्या पत्नी ४९ वर्षांच्या असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. दोघांचे लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी झाले आणि येत्या मे महिन्याच्या मध्यावर त्याला २५ वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने पत्नीला आधी काहीही कळू न देता परदेशी न्यावे, अशी पत्रलेखकांची इच्छा आहे. त्यांनी चार लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, आयुष्यात एकदाच जाणार तर ‘सहा देश, अकरा दिवस’ अशी युरोपची सहलच करा, कमी पडतील ते पैसे मी घालतो. मित्रांचा सल्ला थायलंड किंवा मॉरिशसचा आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, पत्रलेखकांना रक्तदाब आणि मधुमेह यांच्या गोळ्या चालू आहेत आणि घरी ७६ वर्षांची आई आहे. तिरुपती, चारधाम अशा यात्रा दोघांनी केल्या आहेत, पण नेहमी भाऊबंदांच्या गोतावळ्यात. ‘ताई, कुठे न्यावे आणि तोपर्यंत गुपित कसे राखावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, तुमच्या पत्रात सहा देशांची नावे आहेत, विमानतळांची नावे आहेत आणि मुलाने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेतील प्रत्येक दिवसाचा हिशेब आहे. तुमच्या पत्नीचे मात्र एकच वाक्य आहे, आणि तेही तुम्ही कंसात, जाता जाता लिहिले आहे. गेल्या एप्रिलमध्ये निकालपत्रकांचे काम संपवून त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘कुठंतरी जाऊन नुसतं बसून राहावंसं वाटतं.’ तुम्ही त्यातला ‘कुठंतरी’ हा शब्द उचलला आणि थेट युरोपपर्यंत पोहोचलात. मला मात्र त्या वाक्यात ‘बसून’ हा शब्द जास्त मोठ्याने ऐकू येतो.

आधी गुपिताविषयी लिहिते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. पत्नीला कसलीही यातायात न करू देता, सगळी सिद्धता स्वतः करून तिला विमानात नेऊन बसवावे, ही तुमची भावना सुंदर आहे आणि २५ वर्षांत ती तुमच्या मनात जिवंत राहिली याचे मला कौतुक वाटते. परंतु परदेश प्रवासात असे गुपित राखणे जवळजवळ अशक्य असते. तुमच्या पत्नींकडे पासपोर्ट नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तो काढायचा तर त्यांना स्वतः पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतील, आणि पुढे पोलीस पडताळणीही होईल. त्या जिल्हा परिषदेच्या कर्मचारी असल्यामुळे पासपोर्टसाठी आपल्या कार्यालयाला पूर्वसूचना देणे किंवा ना हरकत प्रमाणपत्र घेणे, आणि सुट्टीत परदेशी जाण्यासाठी वेगळी परवानगी मागणे, ही दोन्ही कामे त्यांच्याच सहीने व्हायची आहेत. आपल्याकडे असा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत त्याची बातमी तालुकाभर फिरून आलेली असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. युरोपचे ठरवले तर व्हिसासाठी ठसे द्यायला पुन्हा मुंबई-पुण्याची फेरी आहेच.

आणि समजा, हे सगळे कसेबसे लपवता आले, तरी त्यातून त्यांच्या वाट्याला काय येईल? प्रवासाच्या आनंदाचा निम्मा भाग तो ठरवण्यात आणि त्याची वाट पाहण्यात असतो. तो अर्धा भाग तुम्ही एकटेच सात महिने उपभोगाल आणि त्यांना निघण्याच्या आधीचा एक धावपळीचा आठवडा मिळेल. त्या आठवड्यात सासूबाईंचे पथ्यपाणी कोणी पाहायचे, घरातले उन्हाळी वाळवण कधी उरकायचे, शाळेचे राहिलेले दप्तर कोणाकडे द्यायचे, आणि चप्पल कोणती घालायची येथपासून सारे त्यांच्याच डोक्यावर येऊन पडेल. ज्या घरात सगळ्या गोष्टी एका बाईच्या ध्यानात असतात, त्या घरात त्या बाईला न सांगता आखलेली सुट्टी ही तिच्यासाठी आणखी एक काम होऊन बसते. गुपित ठेवायचेच असेल तर लहान ठेवा. समुद्राकडे उघडणारी खोली घ्या आणि ती तशी आहे हे दार उघडेपर्यंत सांगू नका.

तुमचे लग्न आखाजीच्या दुसऱ्या दिवशी झाले, हा तपशील तुम्ही सहज लिहिला असेल, पण मी त्यापाशी बराच वेळ थांबले. आपल्या खान्देशातल्या बायकांना आखाजी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणे कठीण आहे. सासुरवाशीण माहेरी येते, कडुनिंबाला झोका बांधलेला असतो, गौराईची गाणी होतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या असतात. पण हे सगळे वरवरचे आहे. त्या तीन-चार दिवसांत तिला कोणी ‘भाकरी झाली का’ असे विचारत नाही, हे त्या सणाचे खरे सुख. झोक्यावर ती कुठेही पोहोचत नाही, जिथल्या तिथेच असते, आणि तरीही वर्षभर त्याची आठवण काढते. तुमच्या लग्नाची तारीख आखाजीला लागून असल्याने आणि पुढे नोकरी, मुलगा, सासूबाई यांमुळे, तुमच्या पत्नींची किती आखाजी माहेरी झाली असेल, याचा तुम्हीच एकदा हिशेब करून पाहा. परदेशात त्यांना काय दाखवावे, या तुमच्या प्रश्नाऐवजी मी असे विचारले असते की आठ दिवसांचा असा झोका त्यांना कुठे मिळेल?

म्हणून ठिकाण ठरवण्याआधी त्यांना विचारा. मात्र ‘कुठे जायचे?’ असे विचारू नका. २५ वर्षांच्या संसारानंतर या प्रश्नाचे उत्तर ‘तुम्ही म्हणाल तिथे’ असेच येते आणि ते खरे नसते. त्याऐवजी, सुट्टीत सकाळी किती वाजता उठायला आवडेल, असे विचारा. दुपारी जेवणानंतर झोपायचे की बाजार हिंडायचा, संध्याकाळी पाण्याकाठी बसायला बरे वाटेल की डोंगरात, आणि आपण दोघेच जायचे की चार ओळखीची माणसे सोबत असावीत, हेही विचारा. या चौथ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटू शकते, त्याची तयारी ठेवा. उत्तरे एकाच बैठकीत मागू नका. रात्रीच्या जेवणानंतर ओट्यावर, एकेका दिवशी एकेक. या चार उत्तरांवरून ठिकाण आपोआप निम्मे ठरते, आणि हे मी केवळ तुम्हालाच नव्हे, तर अशाच अर्थाची पत्रे पाठवणाऱ्या इतर वाचकांनाही सांगू इच्छिते, कारण त्या पत्रांतही देशांची यादी आधी असते आणि माणूस शेवटी.

आता मुलाच्या सहा देशांकडे येते. मुलाचा हेतू चांगला आहे आणि पैसे घालण्याची त्याची तयारी पाहून मन भरून येते, परंतु ‘एकदाच जाणार तर सगळे पाहून घ्या’ हा हिशेब मला पटत नाही. एकदाच मिळणारे जेवण आहे म्हणून कोणी सहा पंगतींत एकापाठोपाठ एक बसत नाही. आमच्या लग्नाच्या विसाव्या वर्षी मी आणि माझे यजमान अशाच एका सहलीला गेलो होतो. सहलीची कंपनी वाईट नव्हती, माणसे अगत्याची होती, जेवायला रोज वरण-भात होता. पण सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर, साडेसातला बस, मग तीन-चार तासांचा रस्ता, एका चौकात चाळीस मिनिटे, पुन्हा बस, असे दहा दिवस चालले. परतल्यावर मला युरोपातील प्रेक्षणीय स्थळांपेक्षा प्रसाधनगृहांसाठी लागणारी नाणी आणि बसतळ अधिक स्पष्ट आठवत होते. यजमानांचे आणि माझे त्या दहा दिवसांत जे संभाषण झाले, त्यात ‘चला, उशीर होतोय’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा आले असावे.

तरीही गटाच्या सहलीला मी सरसकट नावे ठेवणार नाही. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या माणसाला विमानतळावर, व्हिसाच्या कागदांत आणि जेवणाच्या बाबतीत तिचा मोठा आधार असतो. मराठी बोलणारा सहलप्रमुख सोबत असला की आजारपणाची धास्ती कमी होते. आणि तुमच्या पत्नींनी चौथ्या प्रश्नाला ‘सोबत हवी’ असे उत्तर दिले, तर तोच मार्ग योग्य ठरेल. फक्त अशी सहल निवडताना देशांची संख्या मोजू नका, एका ठिकाणी सलग किती रात्री मुक्काम आहे ते मोजा. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असलेली ठिकाणे जितकी जास्त, तितकी ती सहल गुडघ्यांना जड. बसने रोज किती किलोमीटर जायचे आहे, हॉटेल गावात आहे की महामार्गावर, आणि मोकळा दिवस एक तरी आहे का, हे लेखी विचारून घ्या. युरोपची ओढ दोघांनाही मनापासून असेल, तर एकच देश आणि दोन मुक्काम, एवढाच आग्रह धरा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांसाठी एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; मे-जूनच्या गर्दीत मात्र पंधरा दिवसांवर विसंबणे धोक्याचे आहे. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास-विमा बंधनकारक असतो. चार लाखांत दोघांची युरोपवारी ओढूनताणूनच बसवावी लागेल, हे तुम्हालाही जाणवले आहे, आणि विश्रांतीसाठी निघालेल्या माणसाने पहिल्या दिवसापासून कॉफीच्या किमतीचे रुपये करत बसणे मला तरी बरे वाटत नाही.

तुमच्या पत्नी शिक्षिका असल्याने मे महिना सोडून तुम्हाला दुसरा पर्याय नाही, दिवाळीची सुट्टी तेवढी वेगळी. त्यामुळे मे महिन्यात जिथे हवा सुखाची असते, अशीच ठिकाणे विचारात घेणे शहाणपणाचे आहे, आणि नेमका हाच मुद्दा तुमच्या मित्रांच्या सल्ल्यात सुटला आहे. थायलंडमध्ये मे महिना उकाड्याचा आणि पावसाच्या सुरुवातीचा असतो. जळगावच्या ४४-४५ अंशांतून निघून बँकॉकच्या घामात जाण्यासाठी पासपोर्ट कशाला काढायचा? दुबईचेही तेच. श्रीलंका मला स्वतःला फार आवडते. घड्याळ आपल्या वेळेबरोबरच चालते, मुंबईहून विमान अडीच-तीन तासांचे आहे आणि भाजी-भाताची चिंता नाही. मात्र मे महिन्यात तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस येऊ लागतो आणि बेंटोटा, गॉल हा नैर्ऋत्येचा किनारा तसेच चहाच्या मळ्यांचा डोंगराळ भाग ओला होतो. त्या दिवसांत कोरडा असतो तो पूर्वेचा किनारा, त्रिंकोमाली आणि पासिकुडाकडचा. पण तिथे जायला कोलंबोहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात. दिवाळीत जायचे म्हटले, तर दोन मोसमांच्या मधला तो काळही तिथे पावसाचाच असतो.

मॉरिशस मात्र मे महिन्यात तुमच्या उपयोगाचे आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे तेव्हा हिवाळ्याची चाहूल असते, म्हणजे आपल्या पुसातल्या दुपारसारखी हवा, आणि चक्रीवादळांचे दिवस, जे मुख्यतः जानेवारी ते मार्च असतात, संपलेले असतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे असल्यामुळे तुमच्या गोळ्यांच्या वेळा फारशा बिघडत नाहीत. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची व्यवस्था आणि पुरेसे पैसे असल्याचे दाखवावे लागते. सगळे बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद, म्हणजे चोपड्याहून जळगावला जाऊन थोडे पुढे गेल्यासारखे. त्यामुळे आठही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून वाटेल तेव्हा, वाटेल तेवढेच फिरता येते. एकदा बॅग उघडली की ती निघायच्या दिवशीच भरायची, हे सुख मला कोणत्याही मनोऱ्यापेक्षा मोठे वाटते.

किनारा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मे ते सप्टेंबर या काळात तिथे आग्नेयेकडून वारे वाहतात, त्यामुळे पूर्वेचा किनारा, बेल मारसारखा, दिसायला देखणा असला तरी वाऱ्याचा असतो. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक किंवा उत्तरेला ग्रां बे या बाजूला पाणी शांत असते. बेटाभोवती बव्हंशी प्रवाळाची भिंत असल्याने तिच्या आतले पाणी उथळ आणि निवांत राहते. पोहता न येणाऱ्या माणसालाही कमरेइतक्या पाण्यात उभे राहता येते, आणि गुडघे दुखणाऱ्याला तर त्या पाण्यात हलके वाटते. पायात रबरी जोडे मात्र हवेत, कारण प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी सागरी जीव तळाशी असतात. हॉटेल ठरवताना खोली तळमजल्यावर आहे का, किंवा लिफ्ट आहे का, स्नानगृहात धरायला कठडा आहे का, आणि नाश्त्याबरोबर रात्रीचे जेवण दरात धरले आहे का, हे विचारा. दिवसभर हिंडून आल्यावर परक्या गावात शाकाहारी जेवण शोधत फिरणे ही विश्रांती नव्हे.

तिथे पाहण्यासारखे काय आहे, हे मी थोडक्यातच सांगते, कारण सगळे पाहण्याच्या मोहातूनच तुम्हाला बाहेर काढायचे आहे. पांप्लमूसचे वनस्पती उद्यान आणि त्यातली परातीएवढी कमळपाने सपाट रस्त्याने पाहता येतात. शामारेलची रंगीत माती अर्ध्या दिवसाचे काम आहे. गंगा तलाव हे तिथल्या हिंदू समाजाचे पवित्र स्थान आहे आणि सासूबाईंसाठी तिथला अंगारा आणता येईल. पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट मात्र चुकवू नका. १८३४ पासून भारतातून करारावर नेलेले मजूर ज्या धक्क्यावर उतरले, ती ही जागा. २००६ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला. त्या मजुरांत कोकणातली मराठी माणसेही होती, त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तुमच्या पत्नी शिक्षिका आहेत. त्या घाटाच्या पायऱ्यांपाशी त्या तुमच्यापेक्षा जास्त वेळ थांबतील असा माझा अंदाज आहे, त्यांना तेवढे थांबू द्या. आणि रस्त्यावर मिळणारी डाळपुरी खाऊन पाहा. डाळीचे सारण भरलेली, मऊसूत, आपल्या खापरावरच्या मांड्यांची दूरची बहीण शोभेल अशी ती असते, फक्त गोड नसते.

पासपोर्टचे काम काही कारणाने रखडले, तर भूतान हा पर्याय हाताशी ठेवा. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्रही चालते. मात्र माणशी दर रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. हवा थंड, माणसे शांत. कड्यावरच्या तक्त्सांग मठाची चढण गुडघ्यांसाठी नाही, खालच्या बाजूने तो कडा पाहून परत फिरावे. तिथल्या वळणावळणांच्या रस्त्यांनी मळमळते, हेही खरे.

यानंतर ज्याविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, तिकडे वळते. तुम्ही दोघे आजवर एकटे असे कुठेच गेलेला नाहीत. एकत्र कुटुंबात २५ वर्षे काढलेल्या नवरा-बायकोचे बोलणे बहुतेक तिसऱ्या माणसाविषयी असते. आईचे औषध, मुलाची नोकरी, भावाचे ठिबक, शाळेतली बदली. परक्या बेटावर दुपारी चार वाजता, समोर समुद्र आणि हातात काहीच काम नसताना, पहिले दोन दिवस तुम्हाला दोघांनाही अवघडल्यासारखे होईल, आणि मग ते अवघडलेपण घालवण्यासाठी तुम्ही टॅक्सीवाल्याला फोन कराल किंवा भावाला ‘केळी कशी आहेत’ म्हणून विचाराल. हे बिघडल्याचे लक्षण मानू नका. पहिल्या दोन दिवसांत कुठेही जायचे नाही, असे आधीच ठरवून टाका. सोबत पत्ते न्या, त्यांची आवडती पुस्तके न्या, लग्नातले थोडे फोटो न्या. घरी दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी बोला. आणि प्रत्येक फोटो लगेच कुटुंबाच्या गटावर टाकण्याचा नियम मोडा. अभिनंदनाच्या उत्तरांना उत्तरे देत बसलात तर शंभर माणसे तुमच्याबरोबर मॉरिशसला आल्यासारखे होईल.

त्याची रंगीत तालीम म्हणून येत्या हिवाळ्यात दोन रात्रींसाठी सातपुड्यातल्या तोरणमाळला जाऊन या, दोघेच. यशवंत तलावाच्या काठी बसून पाहा. कोणाला लवकर उठायला आवडते, कोण किती चालू शकते, गुडघे कुठे कुरकुरतात, तुमची साखर बाहेरच्या जेवणाने किती हलते, हे सगळे तिथे समजेल. त्याच दोन दिवसांत आईंची व्यवस्थाही पारखली जाईल. तुमची बहीण येऊन राहू शकते, असे तुम्ही लिहिले आहे. तिला मेमध्ये थेट आठ दिवसांसाठी बोलावण्याआधी या दोन दिवसांसाठी बोलवा. आईंनाही विश्वासात घ्या आणि हे काम पत्नीवर सोपवू नका. सुनेने ‘आम्ही फिरायला जातो’ म्हणणे आणि मुलाने म्हणणे यांत आपल्या घरांत अजूनही फार अंतर आहे. शेतीचेही तसेच: मे-जूनच्या वादळांत केळीची बाग आडवी होते ही भीती खोटी नाही, पण तुम्ही बांधावर उभे राहिल्याने वारा थांबत नाही. फळपिकाचा विमा त्याच्या मुदतीतच काढा; घडांचे टेकू आणि भावाशी मोकळे बोलणे, हे एप्रिलमध्येच उरकून घ्या.

कागदपत्रांचे आणि पैशांचे आता भराभर सांगते. तुमचा पासपोर्ट नऊ वर्षांपूर्वीचा असून येत्या जुलैत त्याची मुदत संपते. अनेक ठिकाणी तिथे पोहोचल्यापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक असणे अपेक्षित असते, त्यामुळे मे महिन्यात तो असून नसल्यासारखा आहे. तुमचा नूतनीकरणाचा आणि पत्नींचा नवा, असे दोन्ही अर्ज एकत्र करा. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. त्याआधी पत्नींचे नाव सर्व कागदांवर एकच आहे का, ते तपासा. आधारवर सासरचे नाव, सेवापुस्तकात माहेरचे आणि पॅनवर तिसराच क्रम, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे आणि पासपोर्ट रखडतो तो इथेच. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र २५ वर्षांत काढले नसेल तर आता काढा. विमानाच्या तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर असावे. निवडणुकीसारखी कामे शिक्षकांना सुट्टीतही लागतात, म्हणून तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्या, थोडे महाग पडले तरी.

सहल कंपनीमार्फत पॅकेज घेतले तर किमतीवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, आकारला जातो. त्याचा दर वेळोवेळी बदलतो, पण तो वाया जात नाही. विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, म्हणून पावती ज्याच्या पॅनवर आहे त्यानेच दावा करावा. चार लाखांपैकी निदान पन्नास हजार कशालाच न लावता ठेवा. प्रवास-विमा घेताना मधुमेह आणि रक्तदाब लपवू नका. अर्जात न लिहिलेल्या आजाराचा दावा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जातो. गोळ्या आठ दिवसांच्या असतील तर पंधरा दिवसांच्या घ्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. गुडघ्यांसाठी किंवा झोपेसाठी तीव्र गोळी चालू असेल तर ती त्या देशात चालते का, हे निघण्याआधी विचारून घ्या. काही वेदनाशामकांवर परदेशांत कडक निर्बंध आहेत. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चाला. जळगावहून रात्रीच्या गाडीने येऊन त्याच दिवशी विमान पकडण्याचा हिशेब करू नका. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा आणि झोप घ्या.

खाण्याच्या बाबतीत माझी एक विनंती आहे, आणि ती तुम्हाला आहे, त्यांना नाही. आपल्याकडे बाई प्रवासाला निघते म्हणजे आधी तीन रात्री जागून दशम्या, शेव, लाडू, चटण्या करते आणि गाडीत बसता बसता डोळे मिटते. यंदा ते होऊ देऊ नका. शेव आणि चिवडा विकत आणा. काळा मसाला नेऊच नका, कारण त्यात खसखस असते. मॉरिशसला दुबईमार्गे जाणारे स्वस्त तिकीट तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. पुरचुंडीभर खसखशीपायी तिथे तुरुंगाची वेळ येऊ शकते. केळीही नेता येणार नाहीत, ताजी फळे मॉरिशसमध्ये परवान्याशिवाय चालत नाहीत. रावेर-चोपड्याच्या माणसाला आठ दिवस दुसऱ्याची केळी खावी लागतील, त्याला इलाज नाही.

पुढचे पाऊल अवघड नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या मोकळ्या आहेत. आज-उद्या त्यांना सगळे सांगा, चारपैकी पहिला प्रश्न विचारा, कार्यालयाला द्यायचे पूर्वसूचनेचे पत्र शाळा बंद होण्याआधी त्यांना देऊ द्या, आणि जळगावच्या पासपोर्ट केंद्रातली सुट्टीतली वेळ दोघांच्या नावाने घेऊन ठेवा. सकाळची मिळाली तर उत्तम. तोवर भरिताची वांगी बाजारात आलेली असतील. काम उरकून दोघे भरीत-पुरी खाऊन या आणि घरी त्या दिवशी संध्याकाळची चूल पेटणार नाही, हे आईंना तुम्हीच निघताना सांगून ठेवा.